भिंतीवरची लाचखोरी: हॉगार्थच्या हाताने रंगवलेल्या कॉपीचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या डिसेंबरात फोंड्याच्या घरात रंगकाम झालं आणि हॉलची मोठी भिंत मोकळी राहिली, तिथे समुद्र-नारळ-होडीवालं काही लावायचं नाही एवढं ठरलेलं होतं, मारियो मिरांडांची प्रिंट आधीच जेवणघरात आहे, म्हणून म्हटलं जरा जुन्यातला कोणीतरी खोडकर माणूस आणू. तर विल्यम हॉगार्थ, अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार. १७५४ च्या ऑक्सफर्डशायरमधल्या निवडणुकीवरून त्याने चार चित्रांची मालिका काढली, त्यातलं दुसरं, मतं मागायला फिरण्याचं. ओरिजिनल लंडनच्या सोन म्युझियममध्ये. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून कॅनव्हासवर तैलरंगातली कॉपी मागवली, ७५ बाय ६० सेंटीमीटर, साडेचौदा हजार, फ्रेम वेगळी.

खरं तर आधी हॉगार्थचंच दारूच्या गल्लीचं (‘जिन लेन’) ते प्रसिद्ध चित्र घेणार होतो, विक्रेत्याच्या यादीत ‘ओरिजिनल तैलचित्राची कॉपी’ म्हणून होतं. पण ते १७५१ चं छापील एन्ग्रेव्हिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, काळं-पांढरं. म्हणजे रंग यांच्याच मनचे. हे विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, रंगीत जास्त चालतं.’ मग ते राहू दिलं. (आणि गंमत बघा, आपली चित्रं चोरून छापणाऱ्यांना वैतागून कायदा करून घ्यायला लावणारा हाच माणूस, १७३५ मध्ये तो लागू झाला, आणि मी त्याच्याच कॉपीला पैसे मोजतोय.)

चित्र नळीत गुंडाळून आलं, पणजीच्या एका फ्रेमवाल्याकडून चौकटीवर ताणून घेतलं. पहिला महिनाभर हॉलभर जवसाच्या तेलाचा वास होता, पाहुणे विचारायचे रंग परत काढलात काय. मधला शेतकरी मस्त जमलाय, दोन्ही बाजूंना दोन खानावळवाले चिकटलेत, दोघंही त्याला लाच देतायत आणि हा गडी डोळ्यांच्या कोपऱ्यातून हिशेब करतोय की कुणाचं वजन जास्त. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “हो आमच्या वाड्यावयलोच मरे!” (हा तर आमच्या वाड्यावरचाच की!) तेव्हाच साडेचौदा हजार वसूल झाले असं मला वाटलेलं.

पण मग बारकाईने बघायला लागलो आणि तिथे घोळ. मागच्या बाजूला जमाव एका खानावळीवर चालून गेलाय, आणि एक शहाणा बाहेर काढलेल्या पाटीच्या दांड्यावर बसून तोच दांडा करवतीने कापतोय, स्वतः त्याच्यासकट खाली जाणार हे त्याच्या गावीच नाही. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड, आपल्याकडे लहान पोरालाही कळेल. माझ्या कॉपीत त्याच्या हातात करवतच नाही! एक तपकिरी रेघ आहे, काठी म्हणा, झाडू म्हणा, आणि तो बसलाय जणू वारा खायला. बाजूला टेबलाशी दोघं बसलेत, त्यातला एक चिलिमीच्या तुकड्यांची मांडणी करून १७३९ मध्ये इंग्रजांच्या सहा जहाजांनी स्पेनचं पोर्तोबेलो बंदर कसं जिंकलं ते समजावतोय, तिठ्यावर चहाच्या कपांवरून लढाया जिंकणारे आपले काका असतात ना अगदी तेच. ते तुकडे माझ्याकडे नुसते पांढरे ठिपके आहेत, बघणाऱ्याला वाटतं सांडलेला भात. सिंहाच्या लाकडी मूर्तीवर बसून बाई पैसे मोजतेय, तो सिंह इंग्रजांचा आणि तो फ्रान्सचं चिन्ह असलेलं लिलीचं फूल गिळतोय, माझा सिंह मात्र शेजाऱ्याच्या लॅब्राडोरसारखा दिसतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणे लायटिंगमुळे तसं दिसतं, मग म्हणे हाताने केलेल्या कामात थोडा फरक असतोच. तीन आठवडे मेलामेली करून दोन हजार परत मिळाले, करवत नाही मिळाली. त्यांची थोडी बाजू घेतो, ओरिजिनल साधारण सव्वा मीटर रुंद आहे, माझ्या साइझला तो करवतवाला नखाएवढाच उरतो. पण असल्या चित्रात गंमत बारकाव्यातच असते हो, सूर्यास्ताच्या चित्रात एक ढग कमी पडला तर कोण मोजायला जातंय.

मग जून. गोव्यातला पाऊस आणि चिऱ्याची भिंत, पुढचं सांगायलाच नको. भिंत बाहेरची, पश्चिमेची, म्हणजे सगळा मारा तिच्यावर. जुलैत कॅनव्हास मधोमध सैल पडून ओल्या चादरीसारखा लोंबायला लागला, आणि उतरवून बघतो तर मागे पांढरी बुरशी, कोपऱ्यात पाच रुपयाच्या नाण्याएवढे गोळे. फ्रेमवाल्याला फोन केला, तो हसला, म्हणाला दर पावसाळ्यात असले दहा फोन येतात. त्याच्या सांगण्यावरून पडवीत नेऊन मऊ सुक्या ब्रशने मागची बुरशी झटकली, पुढच्या रंगाला पाणी अजिबात लावलं नाही. चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी ठोकून कॅनव्हास पुन्हा ताणून घेतला, विक्रेत्याने पाचरी पाठवल्याच नव्हत्या, सुताराने दहा मिनिटांत करून दिल्या. आता चित्र आतल्या भिंतीवर आहे, फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवलेत, त्यामुळे मागून हवा फिरते. चतुर्थीपर्यंत बुरशी परत आली नाही.

व्हार्निश अजून बाकी. जाड तैलरंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, तेव्हा डिसेंबरनंतर करून घेईन, आणि मॅट सांगणार, कारण समोर ट्यूबलाइट आहे.

चतुर्थीला आलेले सगळे माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) बघून झाली की या चित्रापुढे थांबले. एका मामांनी तर शेतकऱ्याकडे बोट दाखवून कोण कुठल्या पक्षाचा ते नावानिशी सांगितलं, मग बाकीचे भांडायला लागले, शेवटी आईने मोदक आणून विषय बदलला.

पैसे वसूल झाले का, तर हो, कुरकुरत का होईना. मालिकेतलं तिसरं, मतदानाचं चित्रही हवंय. त्यात मरायला टेकलेल्यांना मत द्यायला उचलून आणलंय आणि मागे ब्रिटानियाची, म्हणजे बाईच्या रूपातल्या ब्रिटन देशाची, घोडागाडी मोडून पडलीय तरी गाडीवान पत्ते खेळतायत. या वेळी दुसरा विक्रेता, रुंदी तीन फुटांच्या वर. अर्धे पैसे भरलेत, उरलेले अडवून ठेवलेत, आधी त्या पत्त्यांचा जवळून काढलेला फोटो पाठवा म्हटलंय.