न्यूरेंबर्गचं कोकरू की हॅम्बुर्गचा किल्ला?

जर्मनीतल्या जुन्या स्वायत्त नगराचं एकच सोन्याचं नाणं घ्यायचंय, कोणतं घेऊ, असं एका मित्राने विचारलं. सोन्यात फरक शोधू नका. दोन्ही डुकॅट, म्हणजे जुनी युरोपीय सोन्याची नाणी, सुमारे ३.४९ ग्रॅमची, सुमारे ९८ टक्के शुद्ध.

देखणेपणात न्यूरेंबर्ग पुढे. पृथ्वीगोलावर उभं कोकरू, जवळ शांतीची पताका. काही नाणी तर चक्क चौकोनी! एक-बत्तिसांश डुकॅटही निघालं, वजन जेमतेम ०.११ ग्रॅम. मात्र या नाण्यांवरचं १७०० हे साल नंतर पाडलेल्या नाण्यांवरही तसंच राहिलं, त्यामुळे काळ ठरवताना टांकसाळीच्या खुणा बारकाईने बघाव्या लागतात.

हॅम्बुर्गच्या डुकॅटवर नगराचा तीन बुरुजांचा किल्ला. तिथे १८७२पर्यंत डुकॅट पाडली गेली.

सालवार संग्रह करायचा तर हॅम्बुर्ग. एकच सुंदर नाणं हवं, तर माझ्या मते न्यूरेंबर्गच; हात आखडता असेल तर त्याचा छोटा अंश.