क्रिस्टलडिस्कइन्फो: 'गुड' वाचून थांबू नका

पीसी मध्येच गोठतो, मोठी फाइल कॉपी होताना अडकते किंवा विंडोज सुरूच होत नाही. अशा वेळी नवी हार्ड डिस्क घेण्याचा सल्ला लगेच मिळतो. पैसे मोजण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून बघाच. डिस्कची तब्येत दाखवणारं हे जपानी सॉफ्टवेअर मोफत आहे आणि झिप आवृत्ती घेतली तर इन्स्टॉलही करावं लागत नाही. दोष डिस्कमध्ये आहे की डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेत, हे ओळखण्यासाठी लागणारे बहुतेक आकडे एकाच खिडकीत दिसतात. मात्र ते वाचायचे आपणच. वरच्या निळ्या चौकटीतल्या 'गुड'वर विसंबून राहू नका.

आधी फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूज, आणि तिथे दशमान पर्याय निवडा. मूळ सेटिंगमध्ये आकडे षोडशमान (दहाऐवजी सोळावर आधारलेल्या) पद्धतीत दिसतात. तिथला १२ म्हणजे प्रत्यक्षात १८.

आता चार ओळी बघा. ०५, सी५ आणि सी६ या डिस्कच्या पृष्ठभागावरचे खराब सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे कप्पे, मोजणाऱ्या. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या. सेटिंग बदलून ते सेक्टर सुधारत नाहीत. चौथी ओळ सी७, म्हणजे सीआरसी एरर. डिस्क आणि कंट्रोलर (मदरबोर्डवरची डिस्क हाताळणारी चिप) यांच्यामध्ये डेटा बिघडला आणि पुन्हा पाठवावा लागला की हा आकडा वाढतो. बहुतेक वेळा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब झालेली असते. केबल बदला, पोर्टही बदलून बघा. बोर्डावर वेगळ्या चिपचे जादा पोर्ट असतील तर मुख्य चिपसेटचा पोर्ट वापरा. केबल बदलल्यावर सी७ शून्यावर येत नाही, वाढायचा थांबला की काम झालं. ट्रान्सफर मोडमध्ये, म्हणजे जोडणीच्या वेगाच्या रकान्यात, 'साटा/३०० | साटा/६००' दिसलं तर डिस्क ६०० ची असून जोडणी ३०० वर चालली आहे. पोर्टच जुना असेल तर हरकत नाही, नाहीतर पुन्हा केबलकडेच बघा.

चारही ओळी स्वच्छ आणि तरी पीसी गोठतो? इथे हे सॉफ्टवेअर गप्प बसतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग (घडामोडींची नोंद) उघडा. इव्हेंट १२९ म्हणजे कंट्रोलरला डिस्ककडून वेळेत उत्तर मिळालं नाही म्हणून रिसेट करावा लागला. अशा वेळी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) 'अॅग्रेसिव्ह एलपीएम' हा वीजबचतीचा पर्याय असेल तर तो बंद करून बघा. वीज वाचवण्यासाठी झोपवलेली जोडणी काही डिस्कना वेळेवर जागी करता येत नाही.

कंट्रोलर कोणत्या साटा मोडमध्ये आहे, म्हणजे डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो (आयडीई, एएचसीआय की रेड), हेही हे सॉफ्टवेअर थेट सांगत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बायॉस मूळ सेटिंगवर जातं, साटा मोड बदलतो आणि निळ्या पडद्यावर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. डिस्क ठणठणीत असताना लोक फॉरमॅट मारून मोकळे होतात, ही खरी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट. पीसीचं घड्याळ मागे पडलं असेल तर सेल बदला आणि आधीचा मोड परत लावा.

मुद्दाम एएचसीआयवर जायचं असेल तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करून बायॉसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि मग सेफ बूटची खूण काढा. सुरुवात करण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आणि खात्याचा पासवर्ड जवळ ठेवा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. डिस्क खरोखर रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र करून) जोडलेल्या असतील तर मात्र मोडला हात लावू नका.

उणिवाही आहेत. काही स्वस्त यूएसबी केस आतली माहिती पुढे देतच नाहीत. तेव्हा डिस्क काढून थेट साटाला जोडावी लागते. डिस्कची सेल्फ टेस्ट चालवण्याची सोय नाही, त्यासाठी जीस्मार्टकंट्रोल बरं. सगळ्यात खटकणारी बाब म्हणजे हेल्थ स्टेटसच्या सेटिंगमध्ये ०५, सी५, सी६ साठी मर्यादा ठरवता येते, सी७ साठी नाही. त्यामुळे केबलचे एरर शेकड्यांनी वाढले तरी चौकट निळीच राहते. म्हणून एडिट मेनूतून कॉपी करून अहवाल तारखेसह नोटपॅडमध्ये साठवा आणि केबल बदलल्यानंतर आठवड्याने सी७ ताडून बघा.