सोंड काढणारी लेन्स : नऊ महिन्यांनंतर

परवा लेन्सवरची चौथी रबरी रिंग तुटली, म्हणून लिहायला बसलो. लेन्स ७०-३०० ची, म्हणजे ७० ते ३०० मिलिमीटर झूमची; आकडा वाढला की लांबचं जवळ दिसतं. बाकी कोष्टक देत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फेब्रुवारीत सांगलीतल्या एका दुकानातून सेकंडहँड घेतली, साडेसात हजारांना. आठ म्हणत होता, पाचशे मी तोडले. ते पाचशे त्यानं कुठून वसूल केले ते पुढे येतंच.

माझा वापर एकाच प्रकारचा. महिन्यातून दोन-तीनदा पलूसहून स्कूटर काढायची आणि सागरेश्वर अभयारण्यात जायचं. गुडघ्यांनी चढ बंद केलेत, त्यामुळे वर जायचं नाही. पायथ्याच्या सपाट वाटेनं सावकाश दोन तास. मोठ्या लेन्सचा मोह मलाही होता. पण अख्खं अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटर. तिथं सहाशे मिलिमीटरची तोफ घेऊन कुणावर डागायची?

तर दोष. कॅमेरा गळ्यात अडकवला की लेन्स आपोआप बाहेर सरकते. दहा पावलांत चार बोटं. पोटावर लोंबते, चालताना डुलते, आणि पुढची कड काटेरी झुडपांना घासते. आमची सौ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, तुमच्या गणपतीनं सोंड काढली बघा." नाव पडलं ते पडलं. झूम बंद अवस्थेत अडकवायची कळ काही लेन्सना असते, माझ्या लेन्सला नाही.

लोंबणं एक वेळ चालेल. खरा वैताग फोटो काढताना. वाटेवर शेणकिडा गोळी ढकलत होता. कॅमेरा खाली धरला, फ्रेम जुळवली, श्वास रोखला, तर झूम हळूहळू सुटत गेला आणि किडा फ्रेमबाहेर. फांदीवरच्या पिंगळ्यासाठी वर धरावा तर उलटं. लेन्स आत सरकते, पिंगळा वाटाण्याएवढा.

दुकानात गेलो. "काका, जुन्या लेन्सा सगळ्याच सरकत्यात." मग घेताना का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तुम्ही इचारलं नाही." खोलून बघायचेच सहाशे, काम निघालं तर पुण्याला पाठवणार, त्याचे वेगळे. साडेसात हजारांच्या वस्तूला एवढा खर्च मी करत नसतो.

येताना पंक्चरवाल्याकडे थांबलो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापून द्या म्हटलं. "किती घट्ट पायजे?" एवढंच विचारलं त्यानं. दहा रुपये दिले तेही त्याला जास्त वाटले. ती रिंग झूमच्या कड्यावर आणि शेजारच्या नळीवर अर्धी-अर्धी चढवली. सोंड बंद!

एप्रिलपर्यंत मी या जुगाडाचं कौतुक सांगत फिरत होतो. मेमध्ये रबर तापून चिकट झालं, बोटं काळी, शर्ट काळा. आणि झूम इतका घट्ट, की समोर सांबराची मादी उभी असताना कडं फिरेचना. दोन्ही हातांनी जोर लावेपर्यंत ती गेली. त्या दिवशी लेन्स विकायचीच असं ठरवलं होतं.

विकली नाही, कारण घरी येऊन जुने फोटो चाळले. कडं फिरवायचा कंटाळा म्हणून रबर चढवल्यापासून मी लेन्स दोनशेलाच ठेवत होतो. ते फोटो तीनशेवाल्यांपेक्षा सरळसरळ चांगले. चितळाच्या पापणीचे केस मोजता येतात. तीनशेला हीच लेन्स पिठूळ दिसते, स्वस्तातल्या बहुतेक ७०-३०० चं तेच रडगाणं. शिवाय हिच्यात हात हलण्यावर काही इलाज नाही. आपल्या छोट्या सेन्सरवर तीनशे म्हणजे साडेचारशे धरायचे, शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या खाली नेऊन चालत नाही, फोटो हलतो. झाडीत सकाळी सात वाजता तेवढा उजेड कुठला? मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, बत्तीसशेवर न्यायची, आणि फोटोत रवा सांडल्यासारखं. दोनशेला निदान सेकंदाच्या तीनशेविसाव्या भागावर भागतं. जवळ जायचं असेल तर पायांनी जायचं. वाट सपाट आहे, गुडघे कुरकुरत नाहीत.

पावसाळा नीट गेला. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बुरशी नाही. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भुकटी आत जाते.

एक मात्र बोलायचं राहिलं. उघड्या माळावर धों. म. मोहित्यांच्या पुढाकारानं लोकांनी झाडं जगवली, हरणं बाहेरून आणून सोडली, १९८५ ला अभयारण्य झालं. त्या सावलीत उभं राहून मी नऊ महिने एका कड्याबद्दल चडफडतोय, हे सौ. दर खेपेला ऐकवते. ऐकून घेतो. पण कडं सरकतं ते सरकतंच.

असो. चौथी रिंग तुटली तेव्हा सांगलीतच होतो, म्हणून त्याच दुकानात फिल्टर बघायला शिरलो. काउंटरवर काळ्या रबरी रिंगांचं पाकीट. चाळीसला एक. मे महिन्यात पुन्हा भांडायला गेलो होतो तेव्हा माझी रिंग त्यानं हातात घेऊन उलटसुलट बघितली होती, ते आत्ता आठवलं.

"काका, तुमच्या लेन्सला बसतीय, न्या एक," म्हणाला.