बोहरी आळीतली खरेदी: चोवीस बुलबुल, तीनशे रुपये
आमच्या चोवीस बुलबुलांना (स्काउट-गाइडमधल्या लहान मुलींना) राख्या करायला शिकवायच्या होत्या आणि हातात होते ३०० रुपये. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतल्या एका घाऊक दुकानात गेले. रेशमी दोऱ्याच्या लडी, टिकल्या, मणी मिळून २६० झाले. काकांनी सॅटिनचे तुकडे वर फुकट टाकले. मुलींनी त्यांची फुलं केली, राख्यांपेक्षा तीच देखणी झाली!

मणी मात्र वजनावर घेऊ नका. निम्म्यांची भोकं बुजलेली निघाली. सहा-सात वर्षांच्या पोरी रडकुंडीला आल्या. शेवटी दोऱ्याच्या टोकाला फेविकॉल लावून वाळवलं, टोक सुईसारखं कडक झालं, तेव्हा कुठे ओवणं जमलं. सणाच्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, आधीच जा. आणि पिशवी घरून न्या.