म्हापशातल्या वकीलबाईंकडचा अनुभव, भाचीच्या पेन्शनचं काम
माझी भाची १७ची, आईबाप दोघंही गेले, बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते म्हणून फॅमिली पेन्शन तिला आणि कोर्टाने गार्डियन मला नेमलेलं. कुणीतरी सांगितलं की कोर्टात अर्ज करून तिला आत्ताच सज्ञान करून घ्या म्हणजे पैसे तिच्या हातात येतील. वकीलबाईंनी फाईल वाचली आणि सरळ म्हणाल्या, मामा, तसं अमेरिकेत होतं, आपल्याकडे १८७५चा मेजॉरिटी ॲक्ट, म्हणजे सज्ञान वयाचा कायदा, १८ पूर्ण व्हायलाच हवीत. कोर्टाचा गार्डियन असला की पूर्वी २१ धरायचे, ते १९९९मध्ये बदललं. केस घेतली असती तर फी मिळाली असती, घेतली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

खरी भीती वेगळीच होती, १८ला पेन्शन बंद होईल म्हणून पोर रात्र रात्र झोपत नव्हती. बाईंनी तिला समोर बसवून कागदावर लिहूनच दिलं: २५ वर्षांपर्यंत चालू, त्याआधी लग्न झालं किंवा कमाई ठरलेल्या मर्यादेवर गेली तरच थांबते. तो कागद तिने दप्तरात ठेवलाय.

१८ झाल्यावर बँकेत गार्डियनची सही चालत नाही, नवीन केवायसी लागते, आणि लहानपणीच्या पॅनवर फोटो-सही नसते ते आधी अपडेट करा हेही त्यांनीच सांगितलं, बँकेत आम्हाला तीन खेपा घालून कुणी बोललं नव्हतं.

फोन पटकन उचलत नाहीत, आणि शुक्रवारी बाजार असतो, पार्किंग मिळत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी जा.