एक दोर, दोन कुत्री: ओढाओढीच्या सुती खेळण्याविषयी

तीन गाठींचा, सुमारे तीन फूट लांबीचा हा रंगीत सुती दोर मी ३८० रुपयांना घेतला तो आमच्या चिंगीसाठी. परंतु त्याचा अधिक उपयोग शेजारच्या बंड्याला झाला आहे. चिंगी ही चार महिन्यांची, जेमतेम सात किलोंची देशी पिल्ली, तर बंड्या हा तिच्या चौपटीहून वजनदार, सात वर्षांचा लॅब्राडोर. लसी पूर्ण होऊन डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिला प्रथमच खाली पार्किंगमध्ये नेले, आणि त्याच दिवशी तिने बंड्याच्या कानाला लटकून मैत्री जाहीर केली. पिल्लांचे दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात. तिसऱ्या दिवशी बंड्याच्या घरच्या काकू म्हणाल्या, "अगं, तिला सांग, एक तरी कान दिवाळीपर्यंत राहू दे."

या खेळण्याचा खरा गुण त्याच्या लांबीत आहे. आधी आणलेल्या फूटभर दोरात दोघांची तोंडे एकमेकांवर आपटत आणि पकड बदलताना बंड्याच्या ओठाला दात लागत. तीन फुटांत मात्र दोघांमध्ये पुरेसे अंतर राहते. चिंगी पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंचावून आमंत्रण देते. बंड्या सरळ फरशीवर आडवा पडतो, एक गाठ पुढच्या दातांत हलकेच धरतो आणि तिला वाटेल तितके ओढू देतो. मोठी कुत्री लहानांशी खेळताना अनेकदा स्वतःची ताकद अशी मुद्दाम आखडती घेतात, हे ऐकून ठाऊक होते. येथे ते रोज संध्याकाळी दिसते. मध्येच तो गाठ सोडून देतो, चिंगी विजयाची एक फेरी मारते आणि धापा टाकत परत येऊन ते टोक त्याच्याच तोंडापुढे आणून ठेवते, कारण ओढणारा दुसरा नसेल तर जिंकलेल्या दोराचे तिला काहीही करता येत नाही.

गाठी घट्ट असूनही कठीण नाहीत, हे या वयात महत्त्वाचे आहे. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येऊ लागतात. मधल्या गाठीत एके दिवशी तांदळाएवढा दात अडकलेला सापडला. मात्र दुसऱ्या टोकाला माणूस असेल तर त्याने हिसके देऊ नयेत; बंड्याइतका संयम आपल्यापैकी फार थोड्यांकडे असतो.

आता दोष. पाकिटावर "अतूट" असे छापलेले आहे, ते खरे नाही. तिसऱ्या आठवड्यात टोकांच्या गोंड्यांतून वीतभर लांबीचे धागे सुटू लागले. असा धागा गिळला गेल्यास तो आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून मी दोन्ही गोंडे कात्रीने मुळापासून कापले आणि खेळ संपताच दोर उचलून ठेवण्याचा नियम केला. लाल रंगही कच्चा निघाला. पहिल्याच संध्याकाळी बंड्याच्या पिवळट जबड्यावर तो उतरला आणि रक्त आले असे समजून काकू चप्पल न घालता जिना उतरून आल्या. शिवाय पावसाळ्यात धुतलेला दोर पंख्याखालीही दोन दिवस वाळत नाही आणि ओला राहिला की त्याला कुबट वास येतो.

खेळणे हिरावले जाईल या भीतीने दात दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या जोडीसाठी हा दोर घेऊ नये. तेथे तो भांडणाचे निमित्त होईल. एकट्या कुत्र्यासमोर दिवसभर टाकून ठेवण्यासारखाही तो नाही. एरवी, कोणीतरी समोर बसून लक्ष ठेवणार असेल, तर पाचपैकी साडेतीन गुण देण्यास माझी हरकत नाही. पुढचा दोर मी बिनरंगाचा, पांढरा आणि फूटभर अधिक लांब घेणार आहे. त्याचे निम्मे पैसे काकूंनी आधीच माझ्या हातावर ठेवले आहेत.