आरबीएस: आठ महिने आणि दोन दिल्लीवाऱ्या

नागपुरात पीएचडी करतोय. गॅस सेन्सरसाठी झिंक ऑक्साइडचे पातळ थर बनवतो. थरात नेमकं काय आणि किती आहे ते कळावं म्हणून गेल्या आठ महिन्यांत दोनदा दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरला जाऊन आरबीएस, म्हणजे रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंग, करून आणलं. सिलिका जेलच्या पुड्यांसकट सॅम्पलचा डबा रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. बोगीतल्या काकूंना त्यात सोनंबिनं असावं असं वाटलं. तसं ते थोडं होतंच, पण ते पुढे.

2 एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे हीलियम आयन, म्हणजे भारित अणू, थरावर मारायचे आणि उलटे फिरून येणारे मोजायचे, एवढंच. जड अणूवर आपटलेला आयन बरीचशी ऊर्जा राखून येतो, हलक्यावर आपटलेला दमून येतो. सोन्यावरून 1.84, जस्तावरून 1.57, सिलिकॉनवरून 1.13, ऑक्सिजनवरून जेमतेम 0.72 एमईव्ही. खोलातून येणारा वाटेत आणखी थोडी गमावतो, म्हणून एकाच आलेखात कोण आहे आणि किती खोल आहे, दोन्ही सापडतं. वर तुलनेला स्टँडर्ड सॅम्पल लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

पहिल्या वारीत 1.84 ला एक बारीक टोक दिसलं. सोनं! माझ्या थरात सोनं कुठून येणार? टोक बरोब्बर 1.84 लाच होतं. सोनं थराखाली असतं तर ते डावीकडे, म्हणजे कमी ऊर्जेकडे, सरकलं असतं. म्हणजे ते वरच बसलेलं, थर झाल्यानंतर आलेलं. मग पेटली ट्यूब. सोन्याचे इलेक्ट्रोड टाकायला सॅम्पल्स दुसऱ्या एका लॅबच्या कोटरमध्ये (धातूचा थर चढवायचं यंत्र) दिली होती, तिथे बाकीचा भाग झाकणारा मास्क नीट बसला नव्हता. सोनं ऑक्सिजनपेक्षा जवळजवळ शंभरपट ठळक दिसतं, म्हणून चोरी पकडली गेली.

आता तक्रारी. माझा थर सिलिकॉनवर आहे, त्यामुळे आलेखात ऑक्सिजनचं टोक सिलिकॉनच्या ढिगाऱ्यावर बसतं, मोजता मोजता डोळे जातात. चूक माझीच, सबस्ट्रेट, म्हणजे थराखालचा पाया, कार्बनचा घ्यायला हवा होता. कार्बन 0.5 लाच संपतो, मग ऑक्सिजन मोकळा दिसतो. तांबं आणि जस्त शेजारी-शेजारी, डिटेक्टरला वेगळे करता येत नाहीत. आणि जाडी नॅनोमीटरमध्ये मिळत नाही, चौरस सेंटिमीटरमागे अणू किती ते मिळतं. पुस्तकातली घनता धरून माझा थर 100 नॅनोमीटर आला, सुईने थेट जाडी मोजणाऱ्या प्रोफायलोमीटरने 115 दाखवला. सर म्हणाले, "अबे, थरच सच्छिद्र हाय तुझा." होता.

हायड्रोजनचं मात्र नावच काढू नका, हीलियम त्याच्यावरून उलटा येतच नाही. त्यासाठी ईआरडीए लागतं, म्हणजे आयनांच्या धक्क्याने पुढे उडालेले हलके अणू मोजायची पद्धत. त्याचा अर्ज भरलाय. या वेळी सॅम्पल्स कार्बनवर आहेत आणि मास्क मी स्वतः स्क्रूने आवळलाय.